चार फुटांचं डहाणू

डहाणू रोडच्या फलाटाला लागणाऱ्या बारा डब्यांच्या लोकलचा एक डबा साधारण २०.७ मीटर लांब असतो. ही गाडी मूळच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, म्हणजे १:८७ या प्रमाणात करायला घेतली, तर डबा भरतो जवळपास २४ सेंटिमीटर आणि पूर्ण गाडी २ मीटर ८५ सेंटिमीटर. दहा फुटी खोलीची भिंत तीन मीटरच्या जरा पुढे जाते. गाडी भिंतीला जेमतेम लागते. फलाटाचे उतार, सिग्नल, रुळांचं वळण आणि बनवणाऱ्याची खुर्ची यांना जागा उरत नाही. तीच गाडी १:१६० प्रमाणात घेतली की डबा १३ सेंटिमीटरच्या आत येतो आणि बाराही डबे दीड मीटरपेक्षा थोड्या जास्त जागेत मावतात.

प्रतिकृती बनवणाऱ्याचा पहिला निर्णय असा घराच्या भिंतीपाशी होतो. आपल्याकडच्या घरात या छंदाला मिळून मिळून मिळतं ते चार फूट लांब आणि दोन फूट रुंद टेबल. १:१६० मध्ये एवढ्या जागेवर १९५ मीटर लांब आणि ९८ मीटर रुंद जमीन उभी करता येते. पूर्ण लोकल तिथेही बसत नाही, नऊ डबेच बसतात. पण फलाटाचा मोठा तुकडा, पादचारी पूल आणि बाहेरचा रिक्षांचा थांबा आरामात येतो. किंवा असं पाहा. चिकूची झाडं साधारण दहा-दहा मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी शंभर. १:१६० मध्ये दोन झाडांतलं अंतर सहा सेंटिमीटर आणि अख्ख्या हेक्टरची वाडी बासष्ट सेंटिमीटर चौरस. घोलवडच्या चिकूची जवळपास एक हेक्टर वाडी टेबलाच्या अर्ध्या भागात मावते.

रुळांचा प्रश्न मात्र आपल्या देशापुरता वेगळा आहे. बाजारात मिळणारे १:८७ चे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे आणि १:१६० चे ९ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी मापावर बेतलेले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. हिशेबाने तो १:८७ मध्ये १९.३ आणि १:१६० मध्ये १०.५ मिलिमीटर यायला हवा. तयार रूळ वापरले तर आपली रुंद, ऐसपैस गाडी अरुंद रुळांवर उभी राहते. कुणी ते चालवून घेतं, कुणी स्वतः रूळ जोडतं. हे काम सुरू करण्याआधी ठरवावं लागतं, कारण सगळी मांडणी त्या रुंदीवर उभी राहते.

मला या लेखात त्या चार फुटांच्या टेबलाबद्दल लिहायचं आहे. परदेशी पुस्तकांतल्या टेबलांची चित्रं देखणी असतात, पण ती कोरड्या थंड हवेतली, स्वतंत्र खोलीतली, न हलणाऱ्या जमिनीवरची असतात. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत खारा वारा आहे, चार महिन्यांचा पाऊस आहे, आणि २०१८ पासून भूकंपाचे धक्केही आहेत. इथलं टेबल इथल्याच हवेतून, मातीतून आणि कारागिरीतून घडवावं लागतं.

अंगणातून खोलीत

मराठी मुलाची पहिली प्रतिकृती म्हणजे दिवाळीचा किल्ला. त्यात महाराजांची मूर्ती बालेकिल्ल्याहून उंच असते आणि पहाऱ्यावरचा मावळा ज्या दरवाजात उभा आहे त्यातून आत जाऊ शकत नाही. तरीही किल्ला शोभतो, कारण तो भक्तीने आणि उत्साहाने रचलेला असतो. एखाद्या वर्षी घरातल्या एका मुलाला ते खटकतं. तो पट्टी आणतो, मावळ्याची उंची मोजतो आणि त्या हिशेबाने दरवाजा केवढा हवा ते काढतो. प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा छंद तिथे सुरू होतो. या तालुक्यांतल्या मुलांना त्यासाठी रायगड-राजगडापर्यंत जायलाही नको. डहाणूच्या खाडीकाठी किल्ला आहे, आत डोंगरात गंभीरगड आहे, तलासरीकडे सेगवाह आणि बल्लाळगड आहेत.

किल्ल्याला अंगण चालतं. तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला की त्याचं काम झालं. प्रतिकृतीला महिनोन्‌महिने एका जागी राहावं लागतं, अर्धवट अवस्थेत, धूळ, मुंग्या आणि घरातल्या येण्याजाण्यापासून सांभाळून. म्हणून या छंदाची खरी परीक्षा जागेची असते.

महाराष्ट्रात ती परीक्षा सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिली ती पुण्याच्या भाऊ जोशी यांनी. कोथरूडमध्ये १ एप्रिल १९९८ रोजी त्यांनी छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. धावत्या गाड्या, सिग्नल, पूल, रोपवे, सर्कस, गाडीत बसून सिनेमा पाहायचं मैदान असं अख्खं शहर तिथे एका मांडणीत आहे. त्याआधी त्यांनी हलवता येणारी मांडणी करून प्रदर्शनांत दाखवली होती. प्रत्येक वेळी सुटी करायची, वाहून न्यायची, पुन्हा जोडायची, हा व्याप मोठा होता. कायमची जागा मिळाल्यावर मांडणी वाढली, तारा व्यवस्थित झाल्या, दुरुस्ती सोपी झाली. आपल्याला संग्रहालय उभारायचं नाही, पण त्यांच्या वाटचालीतला धडा चार फुटांनाही लागू आहे. रोज आवरून ठेवावी लागणारी जागा छंद थकवते. लहान का होईना, कायमची जागा छंद टिकवते.

ज्यांना ती मिळूच शकत नाही त्यांनी दोन फूट बाय दीड फुटाची प्लायवूडची फळी घ्यावी, तिच्या चारही कडांना अर्ध्या इंचाची पट्टी मारावी आणि सगळं काम त्या फळीवर करावं. पाहुणे आले की फळी जशीच्या तशी पलंगाखाली सरकवता येते. पट्टीमुळे सुटे भाग घरंगळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी हात जिथे थांबला तिथूनच सुरू होतो.

साचे कोरणाऱ्यांकडून

लहान टेबलावर बारीक काम कसं करावं हे शिकायला डहाणूकरांना लांब जायला नको. चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात घराघरांत डाय मेकिंगचा व्यवसाय चालतो. सोन्या-चांदीच्या दागिन्यांचे पोलादी साचे इथे हाताने कोरले जातात. इथल्या किनाऱ्यावर होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या वादात मच्छीमार आणि बागायतदारांबरोबर या कारागिरांच्या रोजगाराचाही प्रश्न मांडला गेला, इतका तो इथल्या जगण्याचा भाग आहे.

काम मोठं अवघड. नरम केलेल्या पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी आणि खोलगट कोरायची. कोरून झालं की ठोकळा लाल होईपर्यंत तापवून विझवायचा, म्हणजे पोलाद कठीण होतं. या साच्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबला की नक्षी उठून येते. साच्यात केसभर चूक राहिली तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक दागिन्यावर ती उमटते. छिन्नी, कानस, वाईस, हातोडी, भिंग एवढ्या सामानावर हे चालतं, तेही घरातल्या कोपऱ्यात. सोनार आणि साचे कोरणारे पिढ्यान्‌पिढ्या असं बारीक काम करत आले. त्यांच्या कामाच्या रीतीतल्या चार गोष्टी मला प्रतिकृतीकारासाठी पायाभूत वाटतात.

पहिली उंची. लिहायच्या टेबलावर बारीक काम केलं की मान वाकते आणि तासाभरात खांदे भरून येतात. बारीक कामाची पातळी कोपराच्या पाच ते दहा सेंटिमीटर वर हवी. त्यासाठी नवं फर्निचर लागत नाही. जेवणाच्या टेबलावर घरातला चौरंग ठेवला आणि कोपर टेकवायला दोन्ही बाजूंना घडी केलेली सतरंजी ठेवली की उंची साधते आणि हात थरथरत नाही.

दुसरी गोष्ट उजेड. उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडून तिरपा उजेड हवा, म्हणजे कोरलेल्या रेषांच्या सावल्या दिसतात. रंगवताना मात्र दोन्ही बाजूंनी पांढरा उजेड लागतो. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग सकाळी खिडकीत नेला की वेगळाच दिसतो.

तिसरी हाताची पोच. जागेवरून न उठता जे घेता येतं तेवढंच टेबलावर असावं. मी काम चार टप्प्यांत विभागतो: कापणं, घासणं, जोडणं, रंगवणं. प्रत्येक टप्प्याचं सामान एका ट्रेमध्ये, आणि टेबलावर एका वेळी एकच ट्रे. बाकीचे तीन खाली. लहान टेबल मोठं करण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

चौथी, खाली पडणारं झेलणं. सोनाराच्या दुकानातला केरही टाकून देत नाहीत. तो धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी असतात. आपला सुटा भाग सोन्याचा नसतो, पण तो हरवला तर बाजारात सुटा मिळत नाही. टेबलाच्या पुढच्या कडेला जाड कापडाची झोळी अडकवावी, किंवा पुढचा खण अर्धा उघडा ठेवून बसावं. चिमट्यातून उडालेला दोन मिलिमीटरचा दिवा फरशीवर शोधत बसण्याची वेळ येत नाही.

सुट्या भागांसाठी मसाल्याचा गोल डबा फार उत्तम. सात वाट्या, वर घट्ट झाकण, आणि स्टीलच्या पांढऱ्या तळात काळा-करडा भाग लगेच दिसतो. एक वाटी एका उपभागाची: एकीत चाकं, एकीत खिडक्या, एकीत जिन्याच्या पायऱ्या. कपडे वाळत घालायचे चिमटे जोड धरून ठेवायला उपयोगी पडतात. कापायला औषधांच्या दुकानात मिळणारं अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि तीन नंबरची मूठ पुरते. बोथट पाती मात्र कचऱ्यात सुटी टाकू नयेत. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात ती जमवावीत, कचरा उचलणाऱ्याच्या हाताची काळजी म्हणून.

खारा वारा, मतलई वारा

दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे ते मतलई, हे आपण शाळेत शिकलो. डहाणूच्या किनाऱ्यावर प्रतिकृती करणाऱ्याला हा धडा रोज लागतो.

खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात. हत्यारावर बसलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पोलाद गंजतं. पटाशी, कानस, चिमटे काम झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून त्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावेत. रंग बदलणारं सिलिका जेल घ्यावं, म्हणजे ते ओलं झालेलं कळतं आणि तापवून पुन्हा वापरता येतं.

दमट हवा डिंकावर आणि रंगावरही काम करते. झटपट चिकटवणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद ओलाव्यामुळेच घट्ट होतो. पावसाळ्यात तो बाटलीतच दाटतो आणि जोडाभोवती पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो. पारदर्शक खिडक्यांना म्हणून तो लावूच नये. तिथे पांढरा फेव्हिकॉल बरा, वाळल्यावर तो पारदर्शक होतो. गोंदाची बंद बाटली फ्रिजमध्ये टिकते, पण उघडण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर गार बाटलीत हवेतलं पाणी धरतं. लॅकर रंगाचंही तसंच. त्यातलं द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि चकचकीत रंग दुधाळ होतो.

यावर उपाय हंगामाचा आहे. जून ते सप्टेंबर कापायचं, घासायचं, जोडायचं, कागदावर आराखडे काढायचे. रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्यायचा, सकाळी दव उडाल्यावर आणि दुपारचा खारा वारा सुटण्याआधी. डहाणूत हवामान खात्याचं केंद्र आहे. तिथल्या आर्द्रतेच्या नोंदी पाहाव्यात आणि खोलीत एक साधा आर्द्रतामापक टांगावा. रंगाच्या वाफा बाहेर काढणारा पंखा पश्चिमेच्या खिडकीत लावला तर दुपारचा वारा त्या वाफा परत आत ढकलतो. तो पूर्वेला लावावा.

तलासरीचं चित्र थोडं वेगळं. झाईचा किनारा सोडला तर तालुका आतल्या अंगाला आहे, मीठ कमी, पण मुंबई-अहमदाबाद महामार्गाची धूळ आहे. ओल्या रंगावर बसलेला धुळीचा कण काढता येत नाही. रंग दिलेला भाग लगेच उलट्या प्लास्टिकच्या डब्याखाली ठेवावा आणि रंगकामाआधी फरशी ओल्या फडक्याने पुसावी, झाडू मारू नये.

पुठ्ठा, कागद आणि बाल्सा लाकूड यांना वाळवी आणि कसर यांचा धोका असतो. पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालत, ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ती खळ मुलांपासून दूर ठेवायची.

धुंदलवाडीचा धडा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी या गावाचं नाव राज्यभर ऐकू आलं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवशी लागोपाठ धक्के बसले, त्यांतला मोठा चारच्या वरच्या तीव्रतेचा होता. पळापळीत एका चिमुरडीचा जीव गेला. माणसं थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपली.

या भागात टेबल मांडताना पहिला नियम त्यातून येतो: बाहेर पडायच्या वाटेवर काहीही नको. टेबल, रंगफवाऱ्याचा कंप्रेसर, वायरी, खोके दरवाजा आणि पलंग यांच्या मध्ये येता कामा नयेत. प्रतिकृतींची फळी पलंगाच्या वर नको. जड वस्तू आणि काचेच्या बाटल्या सर्वांत खालच्या कप्प्यात, हलक्या प्रतिकृती वर. कपाट भिंतीला पट्टीने पक्कं करावं. कुडाची भिंत असेल तर भिंतीऐवजी खांबाला. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटं उंच पट्टी हवी, आणि प्रतिकृतीच्या बैठकीखाली मेणाच्या चार गोळ्या. थिनरचं झाकण वापर झाला की त्याच क्षणी बंद.

घरातली माणसं

लहान घरात हा छंद एकट्याचा राहत नाही. थिनरच्या वाफा पेट घेतात. गॅसची शेगडी किंवा देव्हाऱ्यातली समई पेटलेली असताना फवारणी करायचीच नाही. कापडी मास्क धुळीला अडवतो, वाफांना नाही; त्यासाठी कार्बनचे डबे असलेला मास्क लागतो. घरात तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल तर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग आणि ब्रश यांवरच काम करावं. त्या रंगांतही उत्कृष्ट प्रतिकृती होतात. उठताना दहा मिनिटं आवरायला राखून ठेवली की पाती, बाटल्या, ब्रश सगळं जागेवर जातं आणि घरच्यांचा छंदावर विश्वास बसतो.

सुरूच्या काड्या, खराट्याचे हीर

महागडं परदेशी निसर्गसाहित्य मागवण्याआधी परिसर पाहावा. डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत. खाली पडलेल्या बारीक फांद्या वाळवल्या की झाडांचे सांगाडे होतात. गाळून वाळवलेला चहाचा चोथा वाडीतल्या पाचोळ्यासारखा दिसतो. किनाऱ्याची वाळू वापरायची असेल तर गोड्या पाण्यात तीन-चार वेळा धुवावी, नाहीतर तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रंग सुटतो.

वारली घराची प्रतिकृती करायची तर १:३५ प्रमाण सोयीचं; सहा मीटरचं घर सतरा सेंटिमीटरचं होतं. कुडाच्या भिंतीतल्या कारवीच्या काठ्यांना खराट्याचे हीर चालतात, त्यांवर बारीक चाळलेली माती आणि फेव्हिकॉल यांचा लेप. भिंतीवरची चित्रं काढताना मूळ पद्धत लक्षात ठेवावी: गेरू किंवा शेणमातीची पार्श्वभूमी, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचा ब्रश. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, या भिंतीवरच्या कलेला कागदावर आणून जगापुढे नेलं. लहान आकारात या आकृत्या ओढूनताणून सजवू नयेत. त्रिकोण, वर्तुळ आणि रेषा नीट बसली की पुरे. झाईच्या मच्छीमार बोटींना १:७२ प्रमाण छान. बारा मीटरची बोट सतरा सेंटिमीटरच्या आत येते आणि तळाच्या पठाणापासून पुढच्या नाळेपर्यंतचा बाक स्पष्ट दाखवता येतो.

कशाची प्रतिकृती?

बाजारातल्या किटमध्ये विमानं, रणगाडे, परदेशी मोटारी असतात. हात बसवायला त्या उत्तम आहेत. पण डहाणू-तलासरीतल्या टेबलाचं खरं काम वेगळं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

हा मुलूख झपाट्याने बदलतो आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ रोजी पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला होता. १६ एप्रिल २०१३ ला चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. विरार ते डहाणू तिसरी-चौथी मार्गिका, तलासरीतून जाणारी बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झालेलं वाढवण बंदर, यांतून पुढच्या काही वर्षांत स्थानकं, रस्ते, किनारे आणि वाड्या यांचं रूप पालटणार आहे. हे बरं की वाईट, यावर लोकांची मतं तीव्र आहेत आणि ती मांडली जात राहोत. मात्र आजचं रूप मोजून ठेवायचं काम कुणीतरी करायला हवं, आणि मोजणं हाच तर आपल्या छंदाचा पाया आहे.

त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. एक मीटरच्या काठीवर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि ती भिंतीला टेकवून समोरून फोटो काढा; दाराची, कौलांची, खांबाची मापं त्या फोटोवरून निघतात. फलाटावरूनच रुळांचे स्लीपर मोजा. आपल्याकडे मुख्य मार्गावर किलोमीटरला १६६० स्लीपर हे सर्रास माप आहे, म्हणजे दोन स्लीपरमध्ये साधारण साठ सेंटिमीटर. त्यावरून फलाटावरच्या कोणत्याही वस्तूची लांबी काढता येते. घरमालकाला, वाडीवाल्याला, बोटीच्या तांडेलाला विचारून माप घ्या, त्यांनी सांगितलेली माहिती तारखेसह वहीत लिहा. ती वही प्रतिकृतीइतकीच मोलाची.

पाऊस सरला की कोरड्या हवेचे महिने सुरू होतात. या हंगामात गावातली एकच वास्तू निवडावी, मग ते घोलवडचं छोटं स्थानक असेल, डोंगरातलं कुडाचं घर असेल किंवा झाईच्या किनाऱ्यावर ओढलेली बोट. तिची मापं घ्यावीत आणि ती पूर्ण करावी. शाळेच्या, ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात ती मापांच्या वहीसह ठेवली, तर पुढच्या पिढीला हा किनारा केवढा होता, कसा होता, हे बोटाने दाखवून सांगता येईल. चार फुटांच्या टेबलाकडून एवढं काम नक्की होऊ शकतं.